जुनी ३५ एमएम लेन्स आणि वडगावातलं काचेचं कौल

आमचं बेळगावात रविवार पेठेत धान्याचं दुकान. फोटोसाठी हातात येतो तो सुट्टीचा अर्धा दिवस. चार वर्षं त्या अर्ध्या दिवसांत मी काय काढलं, तर आंबोलीचा धबधबा, पाण्याचं दूध करून. राजहंसगडावरचा सूर्यास्त. शिवजयंतीचे चित्ररथ. फोटो वाईट नव्हते, पण शेजारी ट्रायपॉड लावून उभ्या असलेल्या दहा जणांच्या फोटोंत मिसळले असते, तर माझे मलाच निवडता आले नसते.

गेल्या वर्षी लग्नाचे फोटो काढणारा एक मित्र मिररलेस कॅमेऱ्याकडे वळला. त्याची निकॉनची ३५ एमएम एफ १.८ जी, डीएक्स (म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) लेन्स मी साडेसहा हजारांना घेतली. २००९ साली आलेली लेन्स, वजन २०० ग्रॅम. माझ्या निकॉन डी३५०० कॅमेऱ्यावर ती फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या ५२ एमएमइतका भाग दाखवते. झूम नाहीच.

पहिला आठवडा पस्तावलो. किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, मंडप काही मावेना. मागं सरकत सरकत पाठ भिंतीला टेकली. डावा हात सवयीनं झूमची रिंग शोधत होता. शेवटी नुसतं छतातलं कमळ काढलं आणि चिडून घरी आलो.

मग जुलैचा पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस ठाऊकच आहे, कॅमेरा पिशवीतून काढायची सोय नाही. वडगावात ओळखीच्या एकांचे यंत्रमाग आहेत, तिथं जाऊन बसलो. कौलारू घर, आत अंधार, छपरात एकच काचेचं कौल. त्याखाली एक मावशी सुताच्या कांड्या भरत होत्या. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स ५५ एमएमवर एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडी), ही १.८ ला तिच्या नऊपटीहून जास्त उजेड आत घेते. पहिल्यांदाच फ्लॅशशिवाय त्या खोलीतली खोली दिसली: बोटं उजेडात, बाकी सगळं काळं. जवळ जायचं तर उठून जवळच जावं लागत होतं. दोन-तीन रविवारांनी मावशींनी माझ्याकडं बघणंही सोडलं.

घेणाऱ्यांसाठी थोडं. डी३५०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ बघूनच घ्या, त्यांत मोटर लेन्समध्येच असते. जुन्या ‘एएफ-डी’ स्वस्त मिळतात, पण फोकस हातानं करावा लागेल. या लेन्सला व्हीआर, म्हणजे हात हलला तरी फोटो सांभाळून घेणारी सोय, नाही. १.८ ला चकचकीत कडांवर जांभळी झाक येते, २.८ ला बरीच कमी होते. ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची लुकलुक त्यात बसते. १/५० चा मला आणखी एक फायदा झाला: मागावर सूत नेणारा धावता धोटा पुसट होतो आणि मागावर टेकलेला हात स्थिर राहतो. तो पुसट धोटा आता मी मुद्दाम ठेवतो.

दिवाळीला प्रिंट काढायला वर्षभरातले चाळीस फोटो दिले. दुकानदारानं काउंटरवर पत्ते पिसल्यासारखे पसरले आणि न विचारता चौदा बाजूला काढले. “हे एकाच माणसाचे वाटतात,” म्हणाला. चौदाही ३५ चे होते. एका बाजूनं उजेड, हात, आणि तोंड बहुतेक फ्रेमबाहेर. बाकीच्यांत दोन आंबोली होते, तेही त्यानं पाहिले, पण पुन्हा गठ्ठ्यात ठेवले.

डोंगर, पक्षी, मिरवणुका काढायच्या असतील तर ही लेन्स घेऊ नका, वैताग येईल. मी किट लेन्स भाच्याला देऊन टाकली. चित्ररथांच्या वेळी थोडी हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू.

कांड्यांवरच्या हातांची मोठी प्रिंट मावशींना नेऊन दिली. त्यांनी उलटसुलट करून बघितली. “फोटो माझाच न्हवं? मग तोंड कुठं ऱ्हायलं?” पुढच्या रविवारी त्यांना दारात उभं करून, पदर सारखा करून, समोरून सरळ एक काढला. तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावलाय. हातांचा मला परत दिला.