राऊटरचा छोटा यूपीएस: ठाण्यात फुल पैसा वसूल, मुरबाडला मात्र अर्धीच लढाई

लाईट गेल्यावर वायफायचा राऊटर बॅटरीवर चालू ठेवणारा तो छोटा यूपीएस मिळतो ना, तळहाताएवढा काळा डबा, १२ व्होल्टवाला, त्याचा हा रिव्ह्यू. एक आमच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये लावलाय आणि अगदी तसाच दुसरा गावच्या घरी, मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला, माळशेजचे डोंगर समोर दिसतात तिथे. वस्तू तीच, किंमत तीच, पण दोन्हीकडचा अनुभव जमीन-अस्मानाचा. म्हणून पाच स्टार बघून गावच्या घरासाठी मागवणार असाल तर आधी जरा वाचा.

ठाण्याचं पटकन सांगून टाकतो कारण तिथे तक्रारीला जागाच नाही. १३ मे २०२४ ला ते धुळीचं वादळ आलं होतं, घाटकोपरला होर्डिंग पडलं तो दिवस, त्या संध्याकाळी आमच्याकडे लाईट गेली, घरचं वायफाय बंद, मोबाईलचं नेटवर्क जाम आणि घरातली माणसं रस्त्यात कुठे कुठे अडकलेली. त्यानंतर हा डबा घेतला. आता लाईट गेली तरी राऊटरला पत्ताच लागत नाही. इन्व्हर्टरवर काही राऊटर बंद होऊन परत चालू होतात, मग पुढची तीन-चार मिनिटं नुसते दिवे लुकलुकत बसायचं, तसं इथे अजिबात नाही, बॅटरी कायम लाईनमध्येच असते त्यामुळे एक झटकाही बसत नाही. आमच्या बिल्डिंगमधला इंटरनेटवाल्याचा डबा सोसायटीच्या जनरेटरच्या लाईनवर आहे, म्हणून पुढचा रस्ताही चालू राहतो. ऑफिसचा कॉल चालू असताना लाईट गेली तर समोरच्याला कळतसुद्धा नाही. ठाण्यासाठी पाच पैकी पाच.

आता घेताना काय बघायचं ते नीट सांगतो, कारण स्टेशनजवळच्या दुकानात गर्दीच्या वेळी कोणी तुम्हाला समजावत बसणार नाही. पहिली गोष्ट, राऊटर उलटा करा आणि मागचा स्टिकर वाचा. १२ व्होल्ट लिहिलंय की ९ की ५? बहुतेक फायबरवाल्यांचे १२ चे असतात पण सगळे नाही, आणि ९ च्या राऊटरला १२ दिलं तर राऊटर कायमचा जाऊ शकतो. मग अँपिअर बघा, यूपीएसवर राऊटरच्या अॅडॉप्टरएवढा किंवा जास्त हवा, कमी चालणार नाही. मग पिन. वरून सगळ्या गोल पिना सारख्याच दिसतात पण आतलं भोक एकाचं २.१ मिलिमीटर आणि एकाचं २.५, चुकीची असली की एकतर आत जातच नाही किंवा सैल बसते आणि हात लागला की राऊटर बंद. सोबत दोन तोंडांची वायर आहे का तेही विचारा, कारण काही घरांत फायबरचा डबा वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, दोघांनाही बॅटरी लागते, एकाला देऊन काही उपयोग नाही.

बॅकअपचं गणित तर दुकानातच उभ्या उभ्या करता येतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ८००० एमएएच लिहिलेलं असतं, पण ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचं असतं, १२ व्होल्टवरचं नाही. आत जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असायचे तसे १८६५० नंबरचे लिथियमचे सेल, २००० एमएएचचे चार धरले तर एकूण साधारण ३० वॅट-तास होतात, त्यातले काही १२ व्होल्ट करताना उष्णतेत जाणार, हातात २४-२५ राहतात. राऊटर एकटा ७ वॅट खात असेल तर तीन-साडेतीन तास, दोन डबे मिळून १२ वॅट खात असतील तर दोन तास. त्यामुळे खोक्यावर ‘४ तासांपेक्षा जास्त’ वाचून तेवढंच धरून बसू नका, तुमचे डबे किती खातात त्यावर सगळं आहे. आणि हा डबा राऊटरच्या डोक्यावर ठेवू नका, दोन्ही गरम होतात आणि लिथियमला उष्णता मानवत नाही. मी भिंतीला बाजूला डबल टेपने लावलाय.

आता गाव. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी चार-पाचनंतर डोंगराच्या मागून ढग चढायला लागतात, दिवसभर तापलेली दमट हवा सह्याद्रीला धडकून वर जाते आणि मग वळीव असा येतो की अंगणातला कपडा काढायला सुद्धा वेळ मिळत नाही. आधी वारा, मग धूळ, मग मातीचा वास, मग पत्र्यावर टपोरे थेंब आणि त्याच वेळी लाईट गुल. कुठेतरी फांदी तारेवर पडलेली असते नाहीतर डीपीचा फ्यूज उडालेला असतो, आणि वायरमन बिचारा एवढ्या पावसात अंधारात खांबावर चढणार कसा, त्यामुळे रात्र तशीच काढायची ही सगळ्यांची तयारी असते. आणि नेमका हाच आयपीएलचा सीझन. साडेसातची मॅच, ओटा भरलेला, पोरं टॉवेल गुंडाळून बसलेली.

डिशचा त्या वेळी काही उपयोग नाही, इन्व्हर्टर असला तरी नाही. छत्रीवर जो सिग्नल वरून येतो त्या लहरी इतक्या बारीक असतात की जोरदार पावसाचे थेंबच त्यांना खाऊन टाकतात, मग टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ची पाटी आणि पाऊस कमी होईपर्यंत ती हलत नाही. मोबाईल टॉवरला बॅटरी असते पण सगळं गाव एकदम मोबाईल डेटावर आलं की चाक फिरत बसतं. म्हणजे फायबर आणि हा छोटा यूपीएस हाच एक मार्ग उरतो, असा माझा हिशोब, आणि पहिल्या तासाला हिशोब बरोबर निघतो! सगळी आळी अंधारात, आमच्या पडवीत दादाच्या मोबाईलवर मॅच चालू, शेजारचे काका छत्री घेऊन येऊन बसलेत, वहिनी आतून ओरडतायत, भाऊजी स्कोअर किती झाला. आईची मालिका दुसऱ्या मोबाईलवर. ह्या एका तासासाठी सुद्धा मी हे पैसे परत खर्च करीन.

मग तासाभराने फायबरच्या डब्यावरचा हिरवा दिवा जातो आणि त्याच्या बाजूचा लाल लुकलुकायला लागतो. त्या लाल दिव्याखाली इंग्रजीत एलओएस लिहिलेलं असतं, अर्थ एवढाच की पलीकडून प्रकाश येत नाहीये. यूपीएस मस्त चालू, वायफायच्या सगळ्या दांड्या फुल, पण इंटरनेट शून्य. आणि इथेच ह्या वस्तूची खरी मर्यादा कळते. घरापर्यंत येणारं हे फायबर म्हणजे काचेचा धागा, त्यातून प्रकाश येतो, वाटेत खांबांवर जे छोटे डबे दिसतात ते नुसता प्रकाश वाटून देतात, त्यांना वीज लागतच नाही. वीज फक्त दोन टोकांना लागते, एक तुमच्या घरी आणि एक केबलवाल्याच्या मशीनला. तुमचं टोक तुम्ही सांभाळलंत, त्याच्या टोकाचं काय? आमच्याकडचं मशीन नाक्यावरच्या एका गाळ्यात आहे आणि त्याची बॅटरी जुनी, तासभर टिकते. ती बसली की अख्ख्या पंचक्रोशीत ज्यांचे डबे बॅटरीवर चालू असतात त्यांचे लाल दिवे एकदम लागतात. तार तुटली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा फक्त एकाच आळीत लाल दिवा असतो, म्हणून दुसऱ्या आळीत फोन करून विचारायचं, सगळीकडे लाल असेल तर बॅटरी, आपल्याकडेच असेल तर फांदी.

मला कुठल्याही वेबसाईटवर हे लिहिलेलं दिसलं नाही की गावात हा यूपीएस घेण्याआधी पलीकडच्या टोकाची बॅटरी किती तास चालते ते विचारा. ती तासभरच चालत असेल तर तुम्ही दहा तासांचा यूपीएस आणलात तरी तुम्हाला तासभरच मिळणार.

तरीही गावासाठी मी साडेतीन स्टार देतोय आणि त्यातला निम्मा भाग विजेच्या कडकडाटासाठी आहे. ढग चढायला लागले की, विजा जवळ यायच्या आधीच, भिंतीतले सगळे प्लग काढायचे असतात, टीव्ही, फ्रीज, चार्जर, सगळे, कारण खांबावरून तारेतून तो धक्का घरात येतो. पूर्वी प्लग काढला की वायफाय पण गेलंच. आता यूपीएसचा चार्जर भिंतीतून काढून टाकायचा, डिशची वायरही सोडवायची, आणि राऊटर नुसता बॅटरीवर चालू. हे मला फार मोलाचं वाटतं. पण गैरसमज नको, हा डबा विजेपासून संरक्षण देत नाही, चार्जर भिंतीत ठेवून निर्धास्त झोपलात तर डबा आणि राऊटर दोन्ही जाऊ शकतात. प्लग काढायचाच.

आणि चालू वायफायवर ‘दामिनी’ अॅप बघता येतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने बनवलंय, फुकट आहे, तुमच्या आजूबाजूला २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं आणि सावध करतं. शेतावर माणसं असतात, गुरं असतात, आमच्याकडे आता ढग दिसले की दादा आधी हे अॅप उघडतो मग मॅच. नेट नसेल तर मोजायचं, वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत, तीन सेकंदांना एक किलोमीटर, ३० सेकंदांच्या आत आवाज आला की सरळ घरात, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाडाखाली तर बिलकुल नाही.

पण लाल दिवा लागल्यावर पुढे काय? पुढे नानांचा रेडिओ. सेलवर चालणारा साधा रेडिओ, मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झ, मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी. मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांब जाते त्यामुळे मालाडच्या टॉवरवरून निघालेलं नाट्यसंगीत आमच्या पडवीपर्यंत आरामात येतं, गावात लाईट असो नसो, गाळ्यातली बॅटरी बसो, त्याला काही फरक पडत नाही. वादळाच्या रात्री आवाजात खरखर येते आणि ती खरखर म्हणजे बिघाड नव्हे, प्रत्येक वीज चमकताना रेडिओ लहरीही सोडते आणि मीडियम वेव्ह ती पकडते. आम्हाला गडगडाट ऐकू येण्याच्या कितीतरी आधी रेडिओ कडकड करायला लागतो. नानांचं सगळं लक्ष तिकडे असतं, गाणं चालू असतानाच म्हणतात, “खरखर वाढली रे, गुरं आत घे.” आणि खरंच थोड्या वेळात ढग डोक्यावर. एफएमवर ही खरखर अशी येत नाही, म्हणून गावासाठी रेडिओ घेताना मीडियम वेव्ह आहे ना ते बघून घ्या, आजकाल बरेच छोटे रेडिओ नुसते एफएमचे येतात.

एक गंमतीची गोष्ट इथे कळली जी यूपीएसच्या खोक्यावर नाही. रेडिओ यूपीएसच्या शेजारी ठेवला की अस्मिता वाहिनीवर सतत एक बारीक घरघर येते, विजेची कडकड वेगळी आणि ही वेगळी. आतली जी सर्किट ३.७ चे १२ व्होल्ट करते ती फार वेगाने चालू-बंद होत असते, त्याचा हा आवाज. काही एलईडी बल्बसुद्धा असंच करतात. रेडिओ पाच-सहा फूट लांब नेला आणि थोडा फिरवला की घरघर गायब, कारण मीडियम वेव्हचा अँटेना आतच आडवा बसवलेला असतो आणि रेडिओ कुठल्या दिशेला तोंड करून ठेवलाय त्याने फरक पडतो. नानांनी त्यावर स्वतःच निकाल लावलाय, राऊटर माजघरात, रेडिओ पडवीत.

किंमत मला बाराशेच्या आसपास पडली, ठाण्यात आणि ऑनलाईन फार फरक नाही, पण दुकानातून घेतलात तर पिन तिथल्या तिथे लावून बघता येते म्हणून मी दुकानच सांगीन, राऊटरचा अॅडॉप्टर सोबत घेऊन जा. वॉरंटी बिलावर लिहून घ्या. दोन-तीन वर्षांत सेल थकतील आणि बॅकअप कमी होईल हे धरूनच चाला, आणि डबा कधी फुगलेला दिसला तर लगेच काढून टाका, वापरत बसू नका. गावात लाईट गेलेली असताना घरात पाहुणे, पोरं नसतील, कोणी नेट वापरत नसेल तर सरळ बटण बंद करून ठेवा, दामिनी बघण्यापुरता चालू करा, बॅटरी रात्रभर पुरते.

केबलवाल्याशी ह्या वेळी गावी गेलो तेव्हा बोललो. माणूस चांगला आहे, म्हणाला नवीन बॅटरी बसवायची तयारी आहे पण एकट्याला परवडत नाही. आमच्या आळीतल्या घरांनी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरायची तयारी दाखवलीय, दादा बाकीच्या आळ्यांत विचारतोय, आणि मृग लागायच्या आत बॅटरी आणतो असा केबलवाल्याने शब्द दिलाय.