मायलेजसाठी काय शिकावे : कार्ब्युरेटर की हायड्रोजन किट?

साताऱ्यात जुनी कार्ब्युरेटरची मोटारसायकल रोज यवतेश्वर घाट चढवणाऱ्याला पेट्रोल वाचवण्याचे दोन मार्ग हमखास सुचवले जातात : पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्ब्युरेटर स्वतः जुळवायला शिकणे, किंवा पाण्यापासून हायड्रोजन तयार करणारे किट घरी बनवून बसवणे.

दुसरा मार्ग ऐकायला आकर्षक असला, तरी त्याचा हिशेब जुळत नाही. पाण्याचे विघटन करणारी वीज शेवटी इंजिनच जनित्र फिरवून निर्माण करते. पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा कामी येतो, पुढे प्रत्येक टप्प्यावर गळती होते आणि हायड्रोजन जाळून परत मिळते ते खर्च केलेल्यापेक्षा कमीच असते. शिवाय स्फोटक वायू सीटखाली वागवायचा, तो वेगळाच.

कार्ब्युरेटरचे काम संथ, पण पदरात काही टाकणारे आहे. इंजिन गरम झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवावा, काही दिवस गाडी चालवून स्पार्क प्लग काढून पाहावा : टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरे पडले असेल तर कमी. मायलेजच्या हव्यासाने मिश्रण फार पातळ केले, म्हणजे पेट्रोल फारच कमी ठेवले, तर घाटात इंजिन तापून पिस्टनवर बेतते. स्क्रूला हात लावण्याआधी एअर फिल्टर आणि टायरमधील हवा पाहावी; पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाचे मानक) गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन, म्हणजे पेट्रोलची इलेक्ट्रॉनिक फवारणी, असते, तिथे हा स्क्रूच नसतो.