नारिंगी हॉकवीडचं बियाणं: बी उत्तम, पाकिटावरची माहिती मात्र अपुरी

पायलोसेला ऑरँटियाका, म्हणजेच नारिंगी हॉकवीड, ही मध्य आणि दक्षिण युरोपच्या डोंगराळ कुरणांतली वनस्पती. कुळ डेझीचं. काही पाकिटांवर हायरेशियम ऑरँटियाकम हे जुनं नाव असतं. वनस्पती एकच, दोन वेगळ्या समजून दोन्ही घेऊ नका.

आम्ही या बियांचं एक पाकीट तपासलं. आधी बियांबद्दल. बी जेमतेम दोन मिलिमीटरचं, काळपट, उभ्या रेघांचं. चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसरा आणि नखाने हलकेच दाबा. भरलेलं बी टणक लागतं. फिकट, चपटं बी पोकळ असतं, ते रुजत नाही. या पाकिटातलं बी भरलेलं आणि स्वच्छ आहे, त्यात केसाळ तुऱ्यांचा कचरा नाही. रंगाचीही काळजी नको, कारण हॉकवीडमध्ये बहुतेक बी फलनाशिवायच तयार होतं आणि रोपं आईसारखीच निघतात. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने वाटाण्यानंतर हॉकवीडवर प्रयोग केले, तेव्हा त्याला वाटाण्यातलं गणित इथे सापडेना, त्याचं मुख्य कारण हेच. बागेत याचा अर्थ असा की एकटं रोपही भरभरून बी धरतं.

पेरणीच्या सूचनेत मोठी चूक आहे. ‘मातीने झाका’ असं छापलंय. या बियांना उजेडात रुजायला आवडतं आणि इतक्या बारीक बियांत मातीचा जाड थर फोडून वर येण्याइतका साठाच नसतो. दोन भाग बारीक चाळलेलं कंपोस्ट आणि एक भाग जाडसर वाळू असं मिश्रण उथळ ट्रेमध्ये भरून सपाट करा. ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्या. बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून वर भुरभुरा, सपाट फळीने नुसतं दाबा, झाकू नका. १५ ते २० अंश सेल्सियसला साधारण एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. ओल टिकावी म्हणून वर काच ठेवली असेल तर कोंब दिसताच काढा. कोंदट हवेत बुरशी लागून कोंब बुडाशी काळे पडतात आणि आडवे होतात. रोपाला तीन-चार पानं आली की हलवा. खऱ्या पानांवर लांब, ताठ केस असतात. भिंगातून पाहिलं की शेजारी उगवलेलं तण लगेच वेगळं ओळखू येतं.

‘सुपीक माती, नियमित खत’ हा सल्लाही सोडून द्या. हे कुरणातलं, हलक्या जमिनीतलं झाड आहे. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि शेजारचं गवत उंच होऊन पसरट पर्णगुच्छाला सावलीत दाबतं. भरपूर ऊन आणि चांगला निचरा एवढं पुरे. हिवाळ्यात पर्णगुच्छाच्या मध्यात पाणी साचलं तर मात्र तो सडतो. कडक थंडीपेक्षा ही ओल जास्त घातक. फुलं बहुधा दुसऱ्या उन्हाळ्यात येतात. काळ्या केसांच्या देठावर दाटीने कळ्या लागतात आणि त्यातून उघडणारा तांबूस नारिंगी रंग खरोखर देखणा असतो.

पाकिटाने जे सांगितलंच नाही, ते सगळ्यात महत्त्वाचं. हे झाड जमिनीलगत धावती खोडं सोडतं आणि प्रत्येक खोडाच्या टोकाला नवं रोप धरतं. कुंडी जमिनीत पुरून उपयोग नाही, खोडं काठावरून बाहेर पडतात. कुंडी फरशीवर ठेवा आणि काठ ओलांडणारी खोडं दर आठवड्याला छाटा. खुरप्याने उकरू नका. मुळांचे तुकडे राहिले की त्यातूनही फुटवे येतात. फुलं मिटू लागताच देठासकट कापून पिशवीत बंद करा, कंपोस्टमध्ये टाकू नका. बी वाऱ्यावर उडतं.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन, आयडाहो आणि माँटाना राज्यांत हे घातक तणांच्या यादीत आहे. ऑस्ट्रेलियात कॉझियस्को राष्ट्रीय उद्यानात ते हुडकायला वास घेणारी प्रशिक्षित कुत्री वापरतात. अशा वनस्पतीच्या पाकिटावर एका ओळीचाही इशारा नसावा, ही आमची गंभीर तक्रार आहे.

बियांना पाचपैकी साडेचार, माहितीला एक. आल्प्सच्या आसपासच्या मूळ प्रदेशात, किंवा जिथे बंदी नाही तिथे फरशीवरच्या कुंडीत, जरूर लावा. कुरणात मोकळं पेरायचं असेल, तर हायरेशियम अंबेलेटम ही पिवळी जात तुमच्या भागातली आहे का ते बघा. तिला धावती खोडं नसतात, पानं उभ्या खोडावर असतात आणि गवतातही ती वर डोकं काढते.