दुसऱ्या कोर्ससाठी सी++, जावा की पायथन? ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

पहिल्या वर्षी सी किंवा पायथनमध्ये लूप, अ‍ॅरे आणि फंक्शन शिकून झालेल्या विद्यार्थ्यापुढे दुसऱ्या कोर्सच्या वेळी बहुतेकदा तीन नावे येतात: सी++, जावा आणि पायथन. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा परभणी येथे शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला ऐच्छिक विषय निवडायचा आहे त्याच्यापुढे, आणि ज्याची भाषा अभ्यासक्रमानेच ठरवून दिली आहे पण सुट्टीत आणखी एक भाषा शिकायची आहे त्याच्यापुढेही, हा प्रश्न सारखाच असतो. त्याचे उत्तर केवळ ‘सोपी कोणती’ किंवा ‘नोकरी कशात’ एवढ्यावर ठरवले, तर सत्र संपताना भाषेचे व्याकरण येते, पण ऑब्जेक्टच्या, म्हणजे माहिती आणि तिच्यावर काम करणारी फंक्शन एकत्र बांधलेल्या वस्तूच्या, पद्धतीने विचार करणे येईलच असे नाही. म्हणून या आढाव्यात मुख्य कसोटी अशी ठेवली आहे की, कोणती भाषा विद्यार्थ्यासमोर काय उघडे करून ठेवते आणि कोणत्या गोष्टी त्याच्या नकळत सांभाळून घेते.

ही कसोटी समजण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी येते. तिचा प्रोग्रॅम सीमध्ये लिहिला, तर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम एका स्ट्रक्चरमध्ये जातात आणि त्यांवर काम करणारी फंक्शन वेगळी राहतात. प्रोग्रॅम लहान असेपर्यंत हे ठीक चालते. पण तो वाढल्यावर एखाद्या फंक्शनने वजन बदलले आणि निव्वळ रक्कम जुनीच राहिली, तर चूक कुठे झाली हे शोधण्यासाठी सगळा प्रोग्रॅम वाचावा लागतो. ऑब्जेक्टच्या पद्धतीत पट्टी स्वतःच्या आकड्यांची राखण स्वतः करते: वजन बदलायचे असेल तर तिला सांगावे लागते आणि रक्कम नव्याने मांडण्याची जबाबदारी तिची असते. हे एन्कॅप्सुलेशन. पुढे एखाद्या मालाच्या कपातीचा नियम वेगळा निघाला, तर जुन्या कोडला हात न लावता नव्या प्रकारची पट्टी जोडता आली पाहिजे, आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज करणाऱ्या फंक्शनला समोरची पट्टी कोणत्या प्रकारची आहे हे विचारण्याची गरज पडू नये. हे पॉलिमॉर्फिझम. दुसऱ्या कोर्समध्ये खरोखर शिकण्यासारखे जे आहे ते यातच आहे. या तिन्ही भाषांपैकी एकीनेही ही कल्पना शोधलेली नाही, ती नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतून आली.

सी++ ची घडण त्या सिम्युलाशी थेट जोडलेली आहे. बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये संशोधन करताना सिम्युला वापरली होती. तिची मांडणी आणि सीचा वेग एकत्र आणण्यासाठी त्यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये ‘सी विथ क्लासेस’ सुरू केले आणि १९८३ मध्ये त्याचे नाव सी++ झाले. सीमधून आलेल्या विद्यार्थ्याला ही भाषा पहिल्या तासापासून ओळखीची वाटते, आणि हाच तिचा धोका आहे, कारण सी++ मध्ये जुन्या सवयीने लिहीत राहण्यास कोणी अडवत नाही आणि क्लास (ऑब्जेक्ट ज्यावरून घडतात तो साचा) केवळ नावापुरता उरतो. मात्र ही भाषा जे उघडे करून दाखवते ते इतर दोघींत सहसा दिसत नाही. एक पट्टी दुसऱ्या व्हेरिएबलला दिली की तिची प्रत तयार होते. विशेष कपातीची पट्टी मूळ पट्टीचे पॅरामीटर घेणाऱ्या फंक्शनला थेट मूल्य म्हणून दिली, तर तिचा विशेष भाग कापला जातो. आणि पॉइंटरमार्फत (मेमरीतील पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलमार्फत) वापरतानाही मूळ क्लासमध्ये व्हर्च्युअल, म्हणजे पुढच्या प्रकाराला स्वतःचा हिशोब देऊ देणारा, हा शब्द लिहिला नसेल, तर कंपाइलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) निमूटपणे मूळ क्लासचाच हिशोब चालवतो. या तिन्ही ठिकाणी विद्यार्थी अडखळतो, पण अडखळून उठल्यावर पॉलिमॉर्फिझम मेमरीत कसे घडते हे त्याला कळलेले असते. डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणारे फंक्शन, नेमका केव्हा चालेल हे सी++ मध्ये निश्चित असते. फाइल किंवा मेमरी कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे जावा किंवा पायथन विचारत नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्याकडे अजूनही काही ठिकाणी सी++ म्हणून टर्बो सी++ शिकवले जाते. ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे साधन आहे, म्हणजे १९९८ मध्ये भाषेचे आंतरराष्ट्रीय मानक ठरण्यापूर्वीचे. त्यात नावांची गल्लत टाळणारे नेमस्पेस नाही, चुका हाताळणारे एक्सेप्शन नाही, तयार साधनांची स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी नाही, आणि २०११ च्या मानकात आलेले, मेमरी आपोआप मोकळी करणारे स्मार्ट पॉइंटर तर असण्याचा प्रश्नच नाही. त्यात लिहिलेला प्रोग्रॅम आजच्या कंपाइलरवर पहिल्याच ओळीतील हेडर फाइलपाशी अडकतो. ज्या विद्यार्थ्याला हेच साधन मिळणार आहे त्याने सी++ घ्यावे असे मी म्हणणार नाही. आणि विषय सक्तीचा असेल, तर प्रॅक्टिकल तिथे करून घरी जीसीसीसारख्या मोफत आधुनिक कंपाइलरवर तेच प्रोग्रॅम पुन्हा लिहावेत.

जावा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जाहीर केली. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी++ मधील अनेक अवघड गोष्टी जाणूनबुजून वगळल्या: पॉइंटरचे गणित काढले, अनेक क्लासकडून एकाच वेळी होणारे इनहेरिटन्स (मूळ क्लासचे गुण नव्या क्लासने घेणे) काढून त्याऐवजी इंटरफेस दिले आणि मेमरी मोकळी करण्याचे काम गार्बेज कलेक्टरकडे सोपवले. सगळा कोड क्लासच्या आत लिहावा लागतो, त्यामुळे सीच्या सवयीने सैल फंक्शन लिहिण्याची वाट बंद होते. साध्या मेथड (क्लासमधील फंक्शन) मुळातच व्हर्च्युअल असतात, त्यामुळे पट्टीचा वेगळा हिशोब विसरलेल्या एका शब्दामुळे गळून पडत नाही. प्रायव्हेट फील्डला, म्हणजे क्लासने स्वतःपुरत्या राखलेल्या माहितीला, दुसऱ्या क्लासमधून हात लावला किंवा फील्डचे नाव चुकले, तर प्रोग्रॅम रन होण्यापूर्वीच कंपाइलर चूक दाखवतो, आणि शिकवणारा शेजारी नसताना हॉस्टेलच्या खोलीत रात्री अभ्यास करणाऱ्याला याचा मोठा आधार असतो. इंटरफेस ही तर जावाची या कोर्ससाठी सर्वांत मोलाची देणगी आहे, कारण ‘ही वस्तू काय करू शकते’ आणि ‘ती ते कसे करते’ हे वेगळे लिहिण्याची सवय ती लावते.

तिच्या उणिवाही खऱ्या आहेत. पडद्यावर एक ओळ छापण्यासाठी क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड असे शब्द अर्थ कळण्यापूर्वीच पाठ करावे लागतात. २०२५ च्या जावा २५ मध्ये छोट्या प्रोग्रॅमसाठी हा भार हलका झाला आहे, परंतु महाविद्यालयाच्या संगणकांवर कोणती आवृत्ती आहे हे आधी पाहावे. दोन व्हेरिएबल एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवू शकतात, ही गोष्ट जावा पुरेशी स्पष्ट करत नाही; त्यामुळे दोन मजकुरांची तुलना दुहेरी बरोबरचिन्हाने करून चुकीचे उत्तर मिळवणारे विद्यार्थी दर वर्षी दिसतात.

पायथनबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिच्या सोपेपणाची ओळख बहुतेकांना आहेच. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत पट्टीचा क्लास काही ओळींत उभा राहतो आणि लक्ष कल्पनेवर राहते. पण भाषा राखण करत नाही. नावाआधी अंडरस्कोर लावणे हा केवळ संकेत आहे. ऑब्जेक्टच्या वजनाला नवी किंमत देताना नावातील एक अक्षर चुकले, तर पायथन तक्रार न करता त्या चुकीच्या नावाचे नवे अ‍ॅट्रिब्यूट तयार करते आणि जुने वजन तसेच राहते. क्लासच्या पातळीवर लिस्ट ठेवली, तर सगळ्या पट्ट्यांचा माल एकाच यादीत जमा होतो. अनुभवी माणसाला हे मोकळेपण उपयोगी पडते. नवशिक्याला मात्र आपण नियम मोडला हेच कळत नाही, आणि तो मोडल्याशिवाय एन्कॅप्सुलेशन कशासाठी असते हे उमजत नाही.

आता प्रत्यक्ष निवड. पहिला कोर्स सीचा झाला असेल आणि एकच सत्र हाती असेल, तर बहुतेकांनी जावा घ्यावी. पॉइंटर मनापासून समजले असतील, आधुनिक कंपाइलर उपलब्ध असेल आणि पुढे एम्बेडेड प्रणाली, गेम इंजिन किंवा वेगाला प्राधान्य असलेल्या कामाकडे जायचे असेल, तर सी++ ला दिलेला जास्तीचा वेळ वाया जाणार नाही. पहिला कोर्स पायथनचा असेल, तर दुसराही पायथनमध्येच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा विद्यार्थ्याने जावाकडे जावे, म्हणजे प्रकार आधी जाहीर करणे आणि कंपाइलरचे ऐकणे या दोन्ही सवयी लागतात. डेटा सायन्सकडे ओढा असलेल्यांना वाटते की पायथन सोडल्याने मागे पडू. परंतु जावात क्लास नीट समजलेला विद्यार्थी पायथनमधील क्लास काही आठवड्यांत आत्मसात करतो, उलट प्रवासाला अधिक वेळ लागतो. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. एमएसबीटीईच्या (महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या) संगणक पदविकेत सी++ आणि जावा दोन्ही येऊन जातात, त्यामुळे त्यांनी भाषेपेक्षा मोठा प्रकल्प करायला लावणारा कोर्स शोधावा. केवळ गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या संगणकशास्त्र पेपरचा विचार करणाऱ्याने लक्षात घ्यावे की त्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंगसाठी सी आहे.

इंग्रजी व्याख्याने जड जात असतील, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील मराठी निवेदनाचे पाठ आधी पाहावेत आणि मग एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावरील सविस्तर व्याख्यानांकडे वळावे. दोन्हीकडे शिकणे मोफत आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी मागच्या तुकडीचे जर्नल मागून पाहावे. त्यात प्रत्येक प्रॅक्टिकल स्वतंत्र असेल, म्हणजे आज प्राणी आणि कुत्रा, उद्या आकृती आणि वर्तुळ, तर भाषा कोणतीही असो, कोर्स व्याख्या पाठ करून घेणारा आहे असे समजावे. एकच प्रोग्रॅम सत्रभर वाढत गेलेला दिसला, आणि एखाद्या प्रॅक्टिकलमध्ये जुना कोड न बदलता नवा प्रकार जोडण्यास सांगितले असेल, तर भाषा दुसऱ्या पसंतीची असली तरी त्याच कोर्सला प्रवेश घ्यावा.