होम थिएटरच्या वायरी: ८ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

६ ओहमचे स्पीकर, ५.१ चा संच (पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर), १२ बाय १५ ची खोली आणि मधे कोकणातला अख्खा पावसाळा. एवढ्या वापरानंतर एक गोष्ट पक्की झाली आहे. आवाज बिघडतो तो वायरीची जाडी आणि सांधे यांमुळे. जाळीदार वेष्टन, सोनेरी मुलामा यांवर पैसे घालू नयेत.

मागच्या स्पीकरपर्यंत वायर भिंतीच्या कडेने फिरवली की सहज ११ मीटर लागते. जाऊन-येऊन २२ मीटर धरायची. वायरीचा रोध (रेझिस्टन्स) स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांत बसवावा, म्हणजे इथे ०.३ ओहम. तांब्याच्या ०.७५ स्क्वेअर एमएम वायरीत तो ०.५७ भरतो, १.५ मध्ये ०.२९ आणि २.५ मध्ये ०.१८. म्हणून पुढच्या तिन्ही स्पीकरना १.५ आणि मागे २.५.

पण तांबं खरं हवं. स्वस्त वायर बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली असते आणि तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो. एक तार ब्लेडने खरवडून पाहा: आत पांढरी निघाली तर परत करा. बाहेरून चंदेरी, आतून लाल असेल तर ते कथील चढवलेलं तांबं; दमट हवेत तेच जास्त टिकतं.

पावसाळ्यात उघडी टोकं काळी पडतात, कधी हिरवी. काळं टोक कापून १२ मिमी नवं तांबं सोलायचं, पीळ देऊन बनाना प्लगमध्ये (वायरीच्या टोकाला लावायची, स्पीकरच्या भोकात बसणारी पिन) आवळायचं. तारा दबून बसतात, त्यामुळे १५ दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळावाच लागतो. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली धरू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सांधा ढिला होतो. एखादी तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली तर रिसिव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा मुख्य अँप्लिफायर) प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.

सबवूफरला शील्ड (आत धातूचं कवच) असलेली आरसीए केबल (गोल पिनची ऑडिओ केबल) घ्या. तरीही घूं आवाज येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची डिश किंवा केबलची वायर काढून बघा. घूं थांबली तर दोष अर्थिंगच्या लूपचा आहे (उपकरणं दोन वाटांनी अर्थिंगला जोडली गेली आहेत), केबल बदलून तो जाणार नाही. रिसिव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डवर घेतल्याने बहुतेक वेळा फरक पडतो. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये, जिवाशी खेळ आहे तो.

टीव्हीकडून आवाज आणायला ऑप्टिकल केबल डॉल्बी डिजिटल ५.१ पर्यंतच पुरते. अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज येत असल्यासारखा डॉल्बीचा प्रकार) हवं तर एचडीएमआयचं आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच रिसिव्हरकडे आणायची सोय), आणि ब्लू-रेचं ट्रूएचडी (दर्जा न गमावता साठवलेला आवाज) टीव्हीमार्गे आणायचं तर ई-आर्क, म्हणजे आर्कचीच जास्त क्षमतेची आवृत्ती. केसिंग-पट्टीत दडवण्याआधी एचडीएमआय केबल जोडून एक अख्खा सिनेमा चालवून बघा. स्पीकरच्या वायरी लाइटच्या वायरीबरोबर एकाच पट्टीत घालू नका. ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात.