नेव्हीचं स्टेडियम, ॲनापोलिस: तिकीट गोलपोस्टच्या मागचंच काढा

मेरीलँड, व्हर्जिनियाकडच्या मराठी मंडळींनी अमेरिकन फुटबॉल बघायला नेव्ही-मरीन कॉर्प्स मेमोरियल स्टेडियमला एकदा तरी जाच. नेव्ही म्हणजे अमेरिकन नौदल अकादमीची टीम, तिचं हे मैदान. आम्ही तीनदा गेलोय. पहिल्यांदा मैदानाच्या मधोमध बाजूची महागाची सीट घेतली होती आणि तिथून बॉल नक्की कुणाकडे गेला तेच कळेना, सगळे एकाच ढिगाऱ्यात पडायचे. दुसऱ्या वेळी एन्ड झोनच्या, म्हणजे गोलपोस्टकडच्या टोकाच्या पट्ट्याच्या, मागे पार वर बसलो, तेव्हा कुठे त्यांचा ऑप्शन नावाचा डाव म्हणजे काय ते दिसलं.

नेव्ही वर्षानुवर्षं ट्रिपल ऑप्शनसाठी ओळखली जाते, म्हणजे बॉल तिघांपैकी कुणी न्यायचा ते पळता पळता ठरवायचं. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, बॉल घेतो आणि धावत येणाऱ्या आपल्याच फुलबॅकच्या पोटाशी धरतो, पण लगेच सोडत नाही. समोरच्या टीमच्या एका गड्याला मुद्दाम कुणी अडवलेलंच नसतं आणि क्वार्टरबॅकची नजर फक्त त्याच्यावर. तो फुलबॅकवर झेपावला की बॉल काढून घ्यायचा आणि बाहेर पळायचं, नाही झेपावला तर बॉल फुलबॅकलाच देऊन टाकायचा. बाहेर पळालं की अजून एक मोकळा सोडलेला गडी समोर येतो, तो अंगावर आला तर जरा मागे, बाहेरच्या अंगाला पळणाऱ्या आपल्याच स्लॉटबॅककडे बॉल टाकायचा, तो स्लॉटबॅकला धरून राहिला तर स्वतःच आत घुसायचं. त्या मोकळ्या गड्याचं अगदी धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं होतं!

आणि ज्या दोघांना अडवलं नाही त्यांच्या वाटणीचे ब्लॉकर, म्हणजे अडवणारे आपले गडी, दुसऱ्यांवर घालता येतात ना. इथली पोरं पुढे नौदलात अधिकारी होणार, वजनाची मर्यादा असते, बाकी कॉलेजांसारखे पुढच्या रांगेत भिडणारे धिप्पाड लाइनमन मिळत नाहीत, त्यामुळे समोरच्या दांडगोबाला ढकलण्यापेक्षा त्याला विचारात पाडणं यांना परवडतं. नेव्हीच्या कीनन रेनॉल्ड्सने २०१२ ते २०१५ मध्ये क्वार्टरबॅक असून पळून ८८ टचडाउन केले, म्हणजे तेवढ्या वेळा बॉल एन्ड झोनमध्ये नेला, ते याच खेळावर.

तिसऱ्या वेळचा एक प्ले अजून डोळ्यासमोर आहे. उजवीकडच्या मोकळ्या गड्याचा खांदा जेमतेम वीतभर आत वळला आणि तेवढ्यात बॉल फुलबॅकच्या पोटातून बाहेर, फुलबॅक मात्र रिकामे हात छातीशी आवळून तसाच गर्दीत घुसला, त्याच्यावर तिघं पडले, आणि लेक ओरडली, "बाबा, बॉल त्याच्याकडे नाहीचे!" तोवर स्लॉटबॅक कडेने वीसेक यार्ड गेला होता. बाजूच्या सीटवरून तो खांदा दिसला नसता.

हल्ली पूर्वीसारखा निव्वळ ऑप्शन नसतो, शॉटगनमधूनही (क्वार्टरबॅक जरा मागे उभा राहून बॉल घेतो ती मांडणी) खेळतात, पण बघण्यासारखं भरपूर आहे. मॅचच्या आधी लवकर पोचा, हजारो मिडशिपमन, म्हणजे अकादमीचे विद्यार्थी, संचलन करत मैदानात येतात ते चुकवू नका, आणि नेव्हीचा स्कोअर झाला की जेवढे पॉइंट तेवढे पुशअप्स काढतात, पोरांना हे प्रचंड आवडतं. बॅग पारदर्शकच न्या.

आर्मीबरोबरची, म्हणजे लष्कराच्या अकादमीच्या टीमबरोबरची, मॅच बहुतेक वेळा तिसऱ्याच शहरात असते, तिची वाट बघू नका. एअर फोर्स, म्हणजे हवाई दलाच्या अकादमीची टीम, एक वर्षाआड इथे येते, तेही ऑप्शनवालेच, म्हणजे दोन्ही बाजूंनी हाच खेळ. ते तिकीट मिळालं तर सोडू नका, आणि सीट मागची, वरची.