दोन ट्यूब ॲम्प, एकच कॅबिनेट: हेडबोन व्हीटी बरेच महिने वापरल्यानंतर

गिटारच्या क्लीन म्हणजे स्वच्छ आवाजासाठी फेंडर डीलक्स रिव्हर्ब, ड्राइव्ह म्हणजे फाटलेल्या, खरखरीत आवाजासाठी मार्शल डीएसएल२०एचआर, दोन्ही व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे ॲम्प, आणि दोघांत मिळून व्हिंटेज ३० स्पीकरचं ८ ओहमचं एकच कॅबिनेट. मध्ये रेडियल या कॅनेडियन कंपनीचा हेडबोन व्हीटी, म्हणजे फूटस्विचने कॅबिनेट एका ॲम्पवरून दुसऱ्यावर नेणारा बॉक्स. रिहर्सलला आणि कार्यक्रमांना हाच संच नेतोय. दोन ट्यूब ॲम्प एका स्पीकरवर चालवायचे असतील तर पैसे अशाच बॉक्सवर घाला, जुगाड करू नका.

ट्यूब ॲम्पला लोड, म्हणजे आउटपुटला जोडलेला स्पीकर किंवा रेझिस्टर, लागतोच. पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. स्पीकर सुटला आणि सिग्नल चालूच राहिला, तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे ट्यूबकडच्या वाइंडिंगवर, व्होल्टेज भलतंच उसळतं. मग ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी उडते किंवा वाइंडिंगचं इन्सुलेशन जळतं. साध्या ए-बी स्विचने स्पीकर इकडून तिकडे फिरवला की एक ॲम्प नेमका असाच उघडा पडतो. वाय-केबलने दोन्ही आउटपुट एकत्र करणं तर त्याहून वाईट, एकाची पॉवर थेट दुसऱ्यात शिरते.

हेडबोन स्पीकरबरोबर गिटारचा सिग्नलही फिरवतो. जो ॲम्प थांबलेला आहे त्याचं इनपुट बंद होतं आणि त्याच्या आउटपुटला रेझिस्टरचा लोड मिळतो. हा रेझिस्टर गप्प ॲम्पपुरताच आहे. त्याच्या भरवशावर ॲम्प फुल ठेवून वाजवायचा नाही. गाण्याच्या मधोमध फूटस्विच दाबला तरी लय मोडत नाही आणि आवाजाच्या पोतात मला तरी फरक ऐकू येत नाही.

खरी काळजी केबलची. फेंडरच्या मुख्य स्पीकर जॅकमध्ये काहीच नसेल तर तो जॅक आउटपुट आपोआप शॉर्ट करतो, आणि ट्यूब ॲम्प थोडा वेळ शॉर्ट सहन करतो. पण केबल जॅकमध्ये घातली आणि दुसरं टोक लोंबकळत राहिलं, तर ते संरक्षण गेलं! म्हणून सगळं जोडून झाल्यावरच पॉवर, आणि सोडवताना आधी पॉवर बंद. कॅबिनेटची केबल मी दर वेळी मल्टिमीटरवर तपासतो. ८ ओहमच्या कॅबिनेटला ६ ते ७ ओहम दिसले की निश्चिंत. ॲम्प ते बॉक्स आणि बॉक्स ते कॅबिनेट जाड स्पीकर केबलच हवी, गिटारची नाही. मार्शलची केबल त्याच्या ८ ओहमच्या जॅकमध्येच जाते. पॉवरची चिंता नाही: फेंडर २२ वॅट, मार्शल २०, स्पीकर ६० वॅटचा.

दोन ॲम्प एकत्र आले की हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, येऊ शकतो. त्यावर इलाज म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढायला सुचवणारे भेटतात. कृपया ऐकू नका. आत चारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि अर्थिंग नसताना आत काही बिघडलं, तर गिटारच्या तारेला हात लावणारे तुम्हीच असता. दोन्ही ॲम्प एकाच बोर्डावर लावा आणि सिग्नलच्या वाटेतलं ग्राउंड ट्रान्सफॉर्मरने वेगळं करा.

केबलचा पसारा वाढतो, आणि गप्प ॲम्पच्या ट्यूबही तापलेल्याच राहतात, म्हणजे झिजतात. तेवढं चालवून घ्यायचं. तुमचा एक ॲम्प ट्रान्झिस्टरचा असेल तर मात्र व्हीटी घेऊ नका, त्यासाठी टीएस हे वेगळं मॉडेल आहे.